लांब हाताची मशीन

कळस, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

आत्याबाई,

पाया पडते, पण रागानं पडते, हे आधीच सांगून ठेवते.

फोन केला की तुम्ही "रेंज न्हाय" म्हणून ठेवून देता. घर हायवेला चिकटून आणि म्हणे रेंज नाही! परवा वन्संच्या मोबाईलवर लावला तर मागून तुमचाच आवाज आला, "म्हणावं आंघुळीला गेलीया." भर संध्याकाळी कसली आंघोळ हो? म्हणून हा कागद लिहायला घेतला. संस्कृती वाचून दाखवेल. संस्कृती, बाळा, आहे तसं वाच. मामीच्या रागातला एक शब्दसुद्धा गाळू नकोस.

दवाखान्यातून मी घरी आले तर तुमची खोली झाडून ठेवलेली, चादरीची घडी उशाशी, आणि तुम्ही नाही. तुमचे चिरंजीव म्हणाले, आई पहिल्या एसटीनं छकुलीकडं भिगवणला गेली. सून डोळ्याला पट्टी बांधून घरात येतेय आणि सासू पिशवी उचलून लेकीकडं निघालीय! गावाला काय, आयता विषय मिळाला. बाजारात बाया जवळ सरकून विचारतात, "भांडलात व्हय गं?" काय सांगू त्यांना? भांडलो असतो तर बरं झालं असतं. मी माघार घेतली असती आणि दुसऱ्या दिवशी चहा करून आणून दिला असता.

डोळ्याचं तुम्ही विचारणार नाही, पण सांगते. काही झालेलं नाही. वरच्यावर खरचटलंय. थेंब दिलेत, थोड्या दिवसांत पहिल्यासारखं होईल म्हणाले. पट्टी नुसती धूळ जाऊ नये म्हणून. ओळी वर-खाली गेल्या असतील तर तो दोष टेबलाचा आहे, त्याचा एक पाय आखूड आहे.

संस्कृतीला अर्धवट ठाऊक असणार, म्हणून झालं ते नीट लिहिते. हे बघ बाळा, तुझ्या आजीच्या उजव्या अंगठ्याचा सांधा गेलाय. सुई धरली की सुटते. तरी ओठ आवळून शिवत बसायची. आणि इकडं गोधड्यांचं काम वाढत चाललंय. बारामतीच्या, पुण्याच्या बाया आईच्या, आजीच्या जुन्या साड्या आणून देतात आणि त्यांची गोधडी करून नेतात. म्हणून मी लाँगआर्म घ्यायचं मनात घेतलं. साध्या शिलाई मशीनचा हात आखूड, गोधडीचा बोंगा त्याखाली मावत नाही. हिचा हात लांब असतो. गोधडी मोठ्या चौकटीवर ताणून बसवायची, ती जागची हलत नाही, मशीनच तिच्यावरून फिरते. बारामतीला माझ्या ओळखीच्या विनयाताईंनी तशी एक हौसेनं घेतली होती, आता विकायला काढलीय. चालवून बघायला आम्ही दोघी गेलो. आजी म्हणाली, "परक्या चिंधीवर कशाला? आपल्या गोधडीवरच चालवून बघू." आणि घरून थर लावून, कच्चे टाके घालून एक गोधडी बरोबर घेतली.

आता आपल्या घरची रीत. हाताची गोधडी कडेपासून शिवायची, चौकोनाच्या आत चौकोन, फिरत फिरत मधोमध यायचं. ते गोधडीचं पोट. पोट बंद करायच्या आधी त्यात घास घालायचा, ज्वारीचे चार दाणे आणि सुपारीचं खांड. उपाशी गोधडी कुणाच्या अंगावर द्यायची नाही. ह्या वेळी पोट मशीन बंद करणार, म्हणून आजीनं घास आदल्या दिवशीच घालून ठेवला. तिला वाटलं, मशीनपण हातासारखीच कडेनं फिरत येईल आणि शेवटी पोटाशी थांबेल. मशीनला कुठलं पोट! ती एका टोकाला सुरू होते आणि दुसऱ्या टोकाला जाते. मी टाका कसा पडतो ते बघायला वाकले होते. सुई सुपारीवर बसली, तुटली आणि तुकडा उडाला.

एवढंच झालं. एवढ्यासाठी कुणी घर सोडून जातं का, आत्याबाई?

उत्तर द्या. राग असेल तर रागाचं द्या, पण द्या.

तुमची सून,
वैदेही


कळस, मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

आत्याबाई,

तुमचं उत्तर पोचलं. "आजी बरी आहे, खुशाल आहे," असा संस्कृतीचा मेसेज. वा! केवढं मोठं उत्तर. वाचता वाचता दमले मी.

बरं, तुम्ही बोलत नाही तर मी मशीनचं बोलते. मशीन मला घ्यायचीच आहे. तुमचे चिरंजीव म्हणतात, नाव काढू नकोस. कारखान्याच्या ऑफिसातून आले की चपला काढायच्या आधी मला सांगतात, "आज कुणाला फोन नाही ना केलास मशीनसाठी?" मी म्हणते, नाही केला. ते आंघोळीला गेले की करते.

मध्ये पुण्याला जाऊन आले. दोन-तीन दिवस राहावं लागलं. शोरूम बघायला गेले होते. माझ्या मावसबहिणीकडं उतरले. तिकडं नव्या मशिनी आहेत, कॉम्प्युटरवाल्या. दुकानातला पोरगा टायबिय लावून उभा. म्हणतो, "मॅडम, तुम्ही फक्त बटण दाबायचं. वेल, मोर, कमळ, काय हवं ते ती आपोआप काढते." मी म्हटलं, "बाबा, आमच्याकडं मोर काढत नाहीत, धावदोरा घालतात." तो म्हणाला, धावदोरा पण आहे, चौथ्या पानावर. मग मी विचारलं, आमच्याकडं लाईट जाते-येते, व्होल्टेज वर-खाली होतं, मध्येच बंद पडली तर? तर म्हणे इंजिनियर येईल. कुठून? मुंबईहून. कधी? ते त्याच्या शेड्यूलवर. मी चहा पिऊन निघाले. किंमत तर अशी की सांगितली असती तर तुम्ही कपाळाला हात लावला असता. ती आपल्यासाठी नाही. मोठमोठ्या कारखान्यांसाठी आहे, जिथं रोज ढिगानं रजया निघतात.

निघताना दुकानाच्या पायरीवर ठेच लागली. पुण्याच्या पायऱ्याच तसल्या, कुठं संपतात ते कळत नाही.

तर मला काय हवंय ते मी पक्कं केलंय. पहिलं, हात लांब हवा, म्हणजे एका दमात रुंद पट्टा शिवून होतो, सारखं गुंडाळत बसावं लागत नाही. दुसरं, टाका सारखा पडायला हवा. त्यासाठी एक यंत्र बसवलेलं असतं, तुम्ही मशीन जोरात ढकला नाहीतर हळू, टाक्याची लांबी तेवढीच राहते. नवख्या माणसाला त्याच्याशिवाय घेऊच नये म्हणतात. तिसरं, दुरुस्तीला माणूस जवळचा हवा. चौथं म्हणजे आपल्या सहा-सहा थरांना पुरेल अशी ताकद. नऊवारीचे थर म्हणजे काय चेष्टा आहे? आणि खिशाला झेपली पाहिजे, हे तर पहिल्याच्या आधीचं.

तुम्ही हितं असता तर म्हणाला असता, "एवढं तर पोरीला नवरा बघताना पण कुणी बघत न्हाय." मी मनातल्या मनात ते ऐकलं आणि एकटीच हसले. मग रडूपण आलं. असो.

थंडी पडायला लागलीय. सुईत दोरा ओवायला गेलं की दोरा सुईच्या शेजारून जातो, बोटं आखडतात. चहा ओतताना परवा कपाच्या बाहेरच ओतला. थंडीनंच सगळं. पट्टी निघाली, डोळा छान आहे.

गरम पाण्यात मीठ टाकून अंगठा शेकत जा. वन्संना आठवण करून द्या, त्यांना हॉटेलच्या गडबडीत लक्षात राहायचं नाही.

वैदेही


कळस, गुरुवार, ४ डिसेंबर २०२५

आत्याबाई,

तुमचे चिरंजीव रविवारी भिगवणला येऊन गेले, तुम्हाला आणायलाच आले होते. रिकाम्या हातानं परत आले. म्हणजे अगदी रिकाम्या नाही, वन्संनी माशाचं कालवण दिलं होतं, ते चांगलं होतं. मी विचारलं, आई काय म्हणाल्या? म्हणाले, "काही नाही म्हणाली. माझ्यासाठी भाकरी थापत होती. मी चल म्हटलं की दुसरी थापायला घ्यायची." एवढ्या भाकरी कुणी खाल्ल्या?

त्यांच्यावर नका रागावू. त्यांना मीच बजावलं होतं की तिथं जास्त बोलायचं नाही.

एक गोष्ट पहिल्या पत्रात लिहिली नव्हती, ती आज लिहिते. सुई उडाली तेव्हा मी ओरडले होते, "हे आत कुणी घातलं?" दुखत होतं हो. मला माहीत होतं कुणी घातलं ते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तुम्हाला घास घालताना बघतेय, माझ्या बाळंतपणाच्या गोधडीत तुम्ही माझ्याच हातानं घालायला लावला होता. तरी मी चारचौघांत तसं विचारलं. विनयाताई, त्यांचे मिस्टर, सगळे तुमच्याकडं बघायला लागले. तुम्ही खुर्चीवरून उठलात आणि पदरानं माझा डोळा झाकलात. रिक्षात माझं डोकं मांडीवर घेतलंत आणि बारामती येईपर्यंत, नाही, बारामतीतच होतो आपण, दवाखाना येईपर्यंत पदर धरून होतात. मला तेवढंच आठवतं. त्या शब्दाचा राग धरून गेला असाल तर तो राग बरोबर आहे, आणि मी आता म्हणते की चुकलं माझं.

आता मशीनचं. इंदापूरला दादासो म्हणून आहेत, गाड्यांच्या सीटा आणि गाद्यांची कव्हरं शिवतात. त्यांच्याकडं बसून चालवायची लाँगआर्म आहे. टेबलात बसवलेली, चौकट नाही, म्हणून जागा कमी लागते आणि सगळ्यांत स्वस्त. तसलीच दुसरी एक ते मागवून देतो म्हणाले. माझा जीव लगेच तिच्यावर गेला. म्हटलं ही घेऊ, हिला खोलीसुद्धा नको, पडवीत बसेल.

बसले चालवायला. त्यात मशीन जागच्या जागी असते आणि गोधडी आपण दोन्ही हातांनी तिच्याखाली सरकवायची. गोधडी म्हणजे अंगावर रेडकू घेतल्यासारखं, खांदे भरून येतात. तेही चाललं असतं. पण माझा डावा हात सुईच्या इतका जवळ गेला की मला कळलंच नाही. दादासोंनी ओरडून वायर उपटली. म्हणाले, "वहिनी, दिसलं न्हाय का तुमास्नी?" मी म्हटलं, लक्ष नव्हतं. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं. तांब्यातलं अर्धं पाणी साडीवर गेलं.

लक्षच नव्हतं माझं, दुसरं काही नाही.

ती मशीन बाद. घरी येऊन खूप वेळ तुमच्या खोलीत बसले. अख्ख्या घरात तीच खोली मला आता बरी वाटते. तुमची सुयांची डबी खिडकीत आहे. न्यायला विसरलात की मुद्दाम ठेवलीत?

वैदेही


कळस, सोमवार, २२ डिसेंबर २०२५

आत्याबाई,

ठरवलं मी. विनयाताईंचीच घेणार.

व्हय, तीच. तुम्ही आता काय तोंड केलं असेल ते मला इथून दिसतंय. तुमच्या चिरंजीवांनी तर ताट सरकवलं. लग्नापासून ह्या माणसाला अन्नावरून उठताना मी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "ती मशीन ह्या घरात आली तर मी कुऱ्हाड घालीन तिच्यावर." मी म्हटलं, घाला. मग दुसरी घेऊन द्या, तिच्यासारखी, तेवढ्यात बसणारी. नंतर मागच्या दारी पायरीवर जाऊन बसले. मी ताट तिथं नेऊन दिलं, तेव्हा जेवले.

ऐका, का घेतेय ते. उभं राहून चालवायची आहे. मशीनला पुढं दोन मुठी आहेत सायकलीसारख्या. दोन्ही हात मुठीवर, सुईपासून लांब. हात कापडाजवळ न्यायचं कामच नाही. माझ्यासारखीला तेच बरं आहे. टाका सारखा ठेवणारं यंत्र तिच्यात आहे. जुनी आहे पण राबलेली नाही, विनयाताईंनी तिच्यावर चार-सहा दुलया केल्या असतील. तुटलेल्या सुईनं आत काही बिघडलं होतं, ते त्यांनी दुरुस्त करून घेतलं, आणि दुरुस्तीवाला बारामतीचाच आहे, फोन केला की येतो. नवीच्या निम्म्यात मिळतेय. विनयाताई तर म्हणत होत्या, वैदेही, मी ही भंगारात घालते, तू ह्यावर परत उभी कशी राहशील? मी म्हटलं, पायांवर.

चालवून बघितली. सुई चालू होते तेव्हा "खट" असा आवाज येतो. पहिल्यांदा तो आला आणि मी मागं झाले, भिंतीपर्यंत गेले. विनयाताईंनी बंद केली. मी परत चालू करायला लावली. परत मागं झाले. असं किती वेळा झालं ते सांगत नाही, तुम्हाला वाईट वाटेल. शेवटी एक ओळ शिवली. मग दुसरी. सरळ येत नव्हती, डावीकडं गेली की वाकडी व्हायची. सवयीचा प्रश्न आहे.

चष्मा घालते आता शिवताना, वेल्डिंगवाले घालतात तसला. आरशात बघितलं तर हसू आलं. तुम्हीही हसाल.

आता अवघड गोष्ट. चौकट मोठी आहे. सोप्यात बसत नाही, मधल्या घरात बसत नाही. तुमच्या खोलीतच बसते, आणि तीही पलंग भिंतीला सरकवला तर. मी मोजून बघितलं. मोजताना चोरी केल्यासारखं वाटत होतं. तुमच्या परवानगीशिवाय मी तिथं खिळासुद्धा हलवणार नाही. तुम्ही परत येणार नसाल तर सांगा, आणि येणार असाल तरी सांगा. "नको" म्हणालात तर मशीनचा नाद सोडते. पण बोला काहीतरी. माझ्यावर राग धरून राहिलात तर मी तरी किती दिवस कागदाशी भांडू?

हे सगळं मी भिगवणला येऊन तोंडावरच बोलले असते. पण ऊसतोड चालू आहे, घर टाकून निघता येत नाही.

डोळा छान आहे.

वैदेही


कळस, रविवार, ११ जानेवारी २०२६

आत्याबाई,

काल संस्कृतीचा फोन आला. तुमच्या चोरून केला होता, हॉटेलच्या मागं जाऊन. तिच्यावर ओरडू नका. पोरगी हुंदके देत होती.

ती म्हणाली, "मामी, तू पत्रं लिहिणं बंद कर. माझ्याच्यानं वाचवत न्हाय." मी म्हटलं, का गं, मामी फार रागावते म्हणून? तर म्हणाली, "तसं न्हाय. तुझ्या पत्रात डोळ्याचं आलं की आजी मला थांबवती. म्हणती, 'खोटं लिवलंय. फुडं वाच.' प्रत्येक पत्राला. 'खोटं हाय ते, फुडं वाच.'"

मी फोन हातात धरून तुमच्या खोलीतच खाली बसले.

तुम्हाला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ह्यांना बाहेर घेऊन सांगितलं, पुण्याला हलवा, पण नजर परत येईल ह्याची खात्री देत नाही. ह्यांना वाटलं आई आत माझ्याजवळ आहे. तुम्ही व्हरांड्याच्या वळणावरच्या बाकावर बसला होता. सगळं ऐकलंत. आणि घरी येऊन खोली झाडलीत आणि पहिली एसटी धरलीत. संस्कृती म्हणाली, तेव्हापासून तुम्ही सुईला हात लावलेला नाही. पोलक्याचं बटण तुटलं तरी तिच्याकडं देता. देवापुढं काही बोललात म्हणे, ते तिलाही सांगितलं नाहीत.

अहो आत्याबाई! दोन महिने मी खोटं लिहितेय आणि दोन महिने तुम्ही ते ऐकून घेताय! मी पुण्याला शोरूम बघायला गेले नव्हते, ऑपरेशनला गेले होते. शोरूम नंतर बघितली, नव्या पट्टीनिशी. पायऱ्या ठीक होत्या, मला दिसल्या नाहीत. ऊसतोडीचं निमित्त होतं, तुम्ही माझ्या डोळ्याकडं बघाल म्हणून मी भिगवणला येत नव्हते. मला वाटायचं, आत्याबाईंना कळलं तर त्या स्वतःला खाऊन टाकतील. आणि तिथं तुम्ही तेच करत होतात, भाकरी थापत.

आता खरं लिहिते. डाव्या डोळ्यानं उजेड-अंधार कळतो. दार उघडं आहे की बंद ते कळतं. त्या दारातून कोण आलं ते कळत नाही. डॉक्टर म्हणाले, आता ह्यापुढं फार आशा धरू नका. उजवा उत्तम आहे. एका डोळ्यानं लांबचं-जवळचं समजत नाही, म्हणून चहा बाहेर पडतो आणि दोरा सुईच्या शेजारून जातो. थंडीचा काही संबंध नाही. टेबलाचाही नाही, सगळे पाय सारखे आहेत त्याचे.

रोज सकाळी उठल्यावर मी आधी उजवा डोळा झाकून बघते, आज काही वेगळं दिसतंय का. मग तोंड धुते. हे ह्यांनाही माहीत नाही.

तुमची चूक नव्हती असं मी लिहिणार नाही. तुम्ही ते ऐकून घेणार नाही, संस्कृतीला थांबवाल. चूक झाली. घास आधी घालून ठेवलात आणि सांगितलं नाहीत. मी गोधडी चौकटीवर चढवताना चाचपून बघितली नाही, आणि मला तर माहीत होतं की आत्याबाई घास विसरत नाहीत. तुम्हाला हाताची रीत ठाऊक, मला मशीनची थोडीफार, आणि दोघींनी एकमेकींना विचारलं नाही. राग आला मला तुमचा. पुण्याला बेडवर पडून खूप आला. एक रात्र तर असं वाटलं की तुमचं तोंड बघायचं नाही. तेही लिहून टाकते, आता काही ठेवत नाही.

पण ऐका. पट्टी सोडली त्या दिवशी नर्सनं विचारलं, बाहेर कोण आहे तुमचं, बोलवू का? हे औषधं आणायला खाली गेले होते. माझ्या तोंडातून आलं, "आत्याबाई आहेत." मग आठवलं की तुम्ही नाही आहात. त्या वेळी जेवढी मी रडले तेवढी डोळ्यासाठी रडले नाही. तो राग मात्र अजून आहे, आणि तो तुम्ही आल्याशिवाय जाणार नाही. सुपारीचं मी केव्हाच सोडून दिलं. मला टाकून गेलात, ते सोडवत नाही.

मशीन गुरुवारी येतेय. ह्यांनीच टेम्पो सांगितलाय, कुऱ्हाड काही निघाली नाही. तुमचा पलंग खिडकीकडच्या भिंतीला लावायचा ठरलाय, म्हणजे ऊन तुमच्या अंगावर येईल. तुम्हाला दुसरीकडं हवा असेल तर येऊन सांगा, आम्ही उचलायला आहोत. तुमची परवानगी न घेता खिळा हलवणार नाही म्हणाले होते, तेही खोटंच झालं.

डावीकडं शिवत गेलं की माझी ओळ वाकडी जाते. तिकडं मला कापड दिसत नाही. चौकटीच्या त्या बाजूला कुणीतरी उभं राहून "सरळ हाय" किंवा "थांब पोरी" एवढं म्हणायला हवं. सुईला हात लावायचा नाही, तुमचं देवाजवळचं बोलणं मोडत नाही. विनयाताई म्हणाल्या, एखादी मुलगी ठेव कामाला. हे म्हणाले, रविवारी मी उभा राहीन. मी दोघांनाही नको म्हटलं.

संस्कृती, आता आजी म्हणेल "फुडं वाच". फुडं काही लिहिलेलं नाही. तिची पिशवी भर आणि तिला एसटीत बसव.

वैदेही